आइस डान्समध्ये करिअर कसं घडतं आणि कुठे अडतं

आइस डान्स बघायला सोपा वाटतो. त्यात तीन-चार फेऱ्यांच्या उड्या नाहीत, जोडीदाराला हवेत फेकणं नाही, हात सरळ वर करून तिला डोक्यावर तोलून धरणं नाही. हे सगळं फिगर स्केटिंगच्या दुसऱ्या जोडी-प्रकारात, म्हणजे पेअर्समध्ये असतं. आइस डान्समध्ये उचलणाऱ्याने जोडीदाराला हात डोक्याच्या वर नेऊन तोलून धरलं, तर ते नियमबाह्य ठरतं आणि गुण कापले जातात. एका फेरीपेक्षा मोठी उडीही चालत नाही. मग नवख्या प्रेक्षकाला साहजिकच प्रश्न पडतो, की इथे गुण मिळतात तरी कशाचे?

गुण मिळतात ते पायाखाली काय चाललंय त्याचे. स्केटचं पातं जेमतेम चार मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ खाच असते. त्या खाचेमुळे पात्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. यांनाच एज म्हणतात. चांगला आइस डान्सर सदैव कुठल्यातरी एकाच एजवर असतो, शरीर त्या बाजूला झुकलेलं असतं आणि बर्फावर खोल वळणदार रेघ उमटत जाते. दोन्ही कडा एकाच वेळी टेकल्या तर त्याला फ्लॅट म्हणतात, आणि फ्लॅट दिसला की गुण जातात. एका माणसाने हे साधायलाच वर्षं लागतात. आइस डान्समध्ये ते दोघांनी, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, एकाच तालात, पूर्ण वेगात साधायचं असतं.

म्हणून या खेळातलं करिअर दोन गोष्टींवर उभं असतं, एज आणि जोडी. पहिली कमवायला दहा-बारा वर्षं जातात. दुसरी एका फोनवर मोडू शकते.

सुरुवात आणि पाया

बहुतेक आइस डान्सर पाच ते आठ वर्षांच्या वयात साध्या स्केटिंगपासून सुरुवात करतात. काहींना लवकर जोडीदार मिळतो, तर काही आधी एकेरीत खेळतात आणि उड्या जमेनाशा झाल्या किंवा एजची गोडी लागली की डान्सकडे वळतात. उशिरा वळणाऱ्यांची एक ठरलेली अडचण असते. उड्यांच्या सरावात पाय ताकदवान होतात, पण शरीराला वेग घेऊन थेट पुढे जायची सवय लागते. डान्समध्ये प्रत्येक ढकल एका कमानीत जायला हवी, आणि गुडघा वाकून पुन्हा उठायला हवा तो संगीताच्या ठोक्यावर. ही जुनी सवय मोडायला नवी सवय लावण्याहून जास्त वेळ लागतो.

पाया घडतो तो पॅटर्न डान्सवर. हे ठरवून दिलेले नाच आहेत. कुठल्या ठोक्याला कुठलं पाऊल, कुठली एज, जोडीदाराला कसं धरायचं, बर्फावर नकाशा कसा उमटला पाहिजे, हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. टँगो रोमँटिका हा त्यातला अवघड नाच. सोव्हिएत युनियनच्या ल्युदमिला पाखोमोवा, अलेक्सांद्र गोर्शकोव आणि त्यांच्या प्रशिक्षिका येलेना चायकोवस्काया यांनी तो बसवला. त्याची लय मिनिटाला ११२ ठोक्यांची. सुसाना राहकामो आणि पेत्री कोक्को या फिनलंडच्या जोडीचा फिनस्टेप हा क्विकस्टेप, म्हणजे जलद पावलांचा बॉलरूम नाच, मिनिटाला १०४ ठोक्यांवर चालतो. आकडा कमी दिसला तरी त्यातली पावलं इतकी बारीक आणि चपळ असतात की पाय मागे राहतोच.

पूर्वी मोठ्या स्पर्धांत कम्पल्सरी डान्स नावाची स्वतंत्र फेरी असायची आणि सगळ्या जोड्या तोच नाच करायच्या. २००९-१० च्या हंगामानंतर ती बंद झाली. अलीकडच्या काही हंगामांत सीनिअर जोड्यांना ठरलेला पॅटर्न करावाही लागलेला नाही. तरीही चांगले प्रशिक्षक मुलांकडून हे जुने नाच घोटून घेतातच, आणि ते बरोबरच आहे. पॅटर्न डान्समध्ये चूक लपवता येत नाही. एज बदलायला अर्धा ठोका उशीर झाला की नकाशा वाकडा होतो आणि तो बर्फावर स्पष्ट दिसतो.

बूट आणि पातं

आइस डान्सचं पातं टाचेकडे आखूड असतं, एकेरीच्या पात्यापेक्षा साधारण दोन-अडीच सेंटिमीटरने. दोघं एकमेकांना धरून स्केट करताना चार पाती एकमेकांच्या अगदी जवळून जातात आणि मागे वाढलेलं पातं जोडीदाराच्या पात्यात अडकू शकतं. तरीही अडकतंच. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स यांची पाती स्पिनमध्ये, म्हणजे जागेवरच्या गिरकीत, शिरताना एकमेकांना लागली आणि दोघंही पडले. आइस डान्समध्ये एक जण पडला तर एक गुण कापतात, दोघं पडले तर दोन. शिवाय जो एलिमेंट, म्हणजे गुण मिळणारा ठरलेला भाग, करायचा होता त्याचे गुण गेले ते वेगळेच. ही जोडी नवव्या क्रमांकावर राहिली.

डान्सचा बूट घोट्यापाशी थोडा लवचीक असतो आणि मागची बाजू कमी उंच असते, म्हणजे पायाचा पंजा ताणता येतो आणि गुडघा खोल वाकतो. नवीन बूट घेतले की पाती लगेच सगळ्या स्क्रूंनी पक्की करत नाहीत. आधी मोजक्या स्क्रूंवर बसवून काही दिवस स्केट करायचं. पाय आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलतोय का ते बघायचं, पातं एक-दोन मिलिमीटर सरकवायचं आणि मग उरलेले स्क्रू लावायचे. ही पायरी गाळली की महिन्याभराने गुडघा दुखायला लागतो आणि दोष सरावाला दिला जातो. नवे बूट पायाला बसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे हंगाम तोंडावर आल्यावर बूट बदलू नयेत.

धार साधारण वीस-तीस तासांच्या स्केटिंगनंतर लावतात. धार गेली की खोल एजवर पाय घसरतो. ताजी धार लावली की उलटं होतं, पातं बर्फाला जास्तच धरून ठेवतं आणि वळणं अडखळतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री धार लावत नाहीत, चार-पाच दिवस आधी लावतात. धार नेहमी एकाच माणसाकडून लावून घेण्यामागे अंधश्रद्धा नाही. खाचेची खोली किंचित बदलली तरी पायाला ते लगेच कळतं. सरावानंतर पातं पुसून कोरडं करायचं आणि कापडी कव्हर घालायचं. प्लॅस्टिकचं कडक कव्हर फक्त चालण्यापुरतं असतं. ते ओल्या पात्यावर रात्रभर राहिलं की गंज धरतो.

बर्फाचं तापमानही महत्त्वाचं असतं. फिगर स्केटिंगसाठी बर्फ साधारण उणे ३ ते उणे ४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. हॉकीचा बर्फ याहून थंड आणि कडक असतो, त्यात एज खोल रुतत नाही. हॉकीचा आणि डान्सचा सराव एकाच रिंकवर होत असेल तर सकाळच्या पहिल्या तासात पाय वेगळे वागतात आणि त्याला इलाज नसतो.

जोडीदार शोधणं

खेळातला सगळ्यात कठीण भाग हाच, आणि बाहेरच्यांना तो सगळ्यात कमी दिसतो. जवळपास सगळीकडे स्केटिंग करणाऱ्या मुली मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतात. परिणाम सरळ आहे. मुलाला निवड करता येते, मुलीला वाट बघावी लागते, आणि बऱ्याचदा देश बदलावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांत आजही जोडी म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष. कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्या ‘दोन स्केटर’ अशी केली. मुलींची ही अडचण त्याने थोडीतरी हलकी होईल.

दोन स्केटर एकत्र येऊ शकतात का हे बघायला ट्रायआउट घेतात, एक-दोन दिवसांचा किंवा आठवड्याचा. आधी नुसते साधे स्ट्रोक, हातात हात धरून रिंकच्या फेऱ्या. प्रशिक्षक इथे चेहरे बघत नाहीत, गुडघे बघतात. दोघांचे गुडघे सारख्याच खोलीला वाकतात का, मोकळा पाय सारख्याच उंचीला जातो का, एका ढकलीत दोघं किती लांब जातात? एकाची ढकल लांब आणि दुसऱ्याची आखूड असेल तर आखूड ढकलणारा ओढला जातो, आणि धरलेला हात ताणला गेला की ते लगेच दिसतं. मग मिठीतल्या पकडीत, म्हणजे वॉल्ट्झ होल्डमध्ये, मागे स्केट करून बघतात. कंबर एकमेकांपासून सुटली की दोघांचा मिळून असलेला तोल जातो. त्यानंतर एखादा पॅटर्न डान्स आणि शेवटी सोपी लिफ्ट, म्हणजे जोडीदाराला उचलणं.

उंचीतला फरक फार असला तर पकड बसत नाही. फार कमी असला तर लिफ्ट जड जातात आणि दोघांच्या रेषा एकमेकींवर येतात. पण उंचीहून मोठं कारण स्वभावाचं असतं. एकाला चुकल्यावर थांबून तोच भाग दहा वेळा करायचा असतो, दुसऱ्याला पूर्ण कार्यक्रम संपवायचा असतो. हा फरक ट्रायआउटच्या तीन दिवसांत दिसत नाही, तीन महिन्यांनी दिसतो.

मोडलेल्या जोडीतून काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण २००२ च्या ऑलिंपिकमधलं. मारिना अनिसिना आणि इल्या आवेरबुख ही ज्युनिअर जगज्जेती रशियन जोडी होती. आवेरबुख इरिना लोबाचोवासोबत स्केट करायला गेला आणि अनिसिना एकटी पडली. तिने फ्रान्सच्या ग्वेंदाल पेझेराला गाठलं आणि फ्रान्सला गेली. सॉल्ट लेक सिटीत सुवर्ण अनिसिना-पेझेराला मिळालं आणि रौप्य लोबाचोवा-आवेरबुखला. बहुतेकांच्या वाट्याला इतकं येत नाही. जोडी मोडली की कार्यक्रम, लिफ्ट, पकडीची सवय सगळं जातं, आणि नव्या जोडीदारासोबत पुन्हा सूर जुळायला दोन-तीन हंगाम लागतात.

नागरिकत्वाचा फास

जोडीदार दुसऱ्या देशाचा असेल तर कागदपत्रांचं काम पहिल्याच वर्षी हातात घ्यायला हवं. जागतिक अजिंक्यपदासारख्या स्पर्धांत दोघांपैकी एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं. ऑलिंपिकमध्ये दोघंही त्या देशाचे नागरिक असावे लागतात. आधी दुसऱ्या देशाकडून खेळलेल्या स्केटरला जुन्या संघटनेकडून मुक्तता घ्यावी लागते आणि थांबावंही लागतं.

टॅनिथ बेल्बिनचा जन्म कॅनडाचा, जोडीदार बेन अगोस्टो अमेरिकेचा. तिला अमेरिकी नागरिकत्व मिळालं ते ३१ डिसेंबर २००५ ला, तेही संसदेत मंजूर झालेल्या खास तरतुदीमुळे. दोनच महिन्यांत त्यांनी तोरिनोच्या ऑलिंपिकमध्ये रौप्य जिंकलं. लॉरन्स फूर्निए बोद्रीला हे साधलं नाही. निकोलाई सोरेनसनसोबत ती डेन्मार्ककडून खेळत होती, पण डॅनिश नागरिकत्व न मिळाल्याने २०१८ चं ऑलिंपिक हुकलं. नंतर दोघं कॅनडाकडून खेळायला लागले. मेहनत, गुण, पात्रता सगळं असून एका पासपोर्टपायी चार वर्षं जाणं ही या खेळातली नेहमीची शोकांतिका आहे. संघटनांनी नव्या जोडीला हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगायला हवं.

गुण कसे मिळतात

आता स्पर्धेच्या दोन फेऱ्या असतात. पहिली रिदम डान्स, सुमारे २ मिनिटं ५० सेकंदांची. तिचा विषय दर हंगामाला आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. २०२३-२४ ला १९८० च्या दशकातलं संगीत होतं, २०२५-२६ ला १९९० च्या दशकातलं. दुसरी फ्री डान्स, सुमारे ४ मिनिटांची, विषय जोडीच्या मर्जीचा. दोन्हींत दहा सेकंदांची सूट असते. जागतिक स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर वरच्या २० जोड्याच फ्री डान्स करतात.

गुण देणारे दोन गट असतात. एक तांत्रिक पॅनेल, ते प्रत्येक एलिमेंटला बेसिक किंवा १ ते ४ अशी लेव्हल देतं. लेव्हल जितकी वरची, तितकी मूळ किंमत जास्त. दुसरा गट परीक्षकांचा, मोठ्या स्पर्धेत नऊ जणांचा. ते प्रत्येक एलिमेंट किती चांगला झाला यासाठी उणे ५ ते अधिक ५ असा शेरा देतात. त्याशिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य या तीन बाबींवर दहापैकी गुण देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळून उरलेल्यांची सरासरी धरतात. ही पद्धत २००२ च्या ऑलिंपिकमधल्या परीक्षणाच्या घोटाळ्यानंतर आली. आधीच्या, ६.० हा सर्वोच्च गुण असलेल्या पद्धतीत ब्रिटनच्या जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन यांनी १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये कलात्मक सादरीकरणासाठी सगळ्या नऊ परीक्षकांकडून ६.० मिळवले होते. आजच्या पद्धतीत त्याच कार्यक्रमाचा एकेक वळणाचा हिशोब झाला असता.

हिशोब किती बारीक असतो हे ट्विझलवर समजतं. ट्विझल म्हणजे एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या जलद गिरक्या. सर्वोच्च लेव्हलसाठी प्रत्येक ट्विझलमध्ये किमान चार फेऱ्या लागतात, शिवाय हात वर किंवा मोकळा पाय हाताने धरलेला अशी भर. वजन पंजाच्या उंचवट्याखाली ठेवावं लागतं, पात्याच्या पुढच्या दातांना जेमतेम न टेकता. वजन टाचेकडे गेलं तर फेरी मंदावते आणि मोकळा पाय बर्फाला टेकतो. फार पुढे गेलं तर दात बर्फात रुततात आणि माणूस तिथेच थांबतो. पुढे सरकणं थांबलं की नियमाप्रमाणे तो ट्विझल राहतच नाही, जागेवरची गिरकी होते. हे दोघं एकाच वेळी करत असतात, एकमेकांना धरल्याशिवाय, आणि डोळ्यांनी जोडीदाराकडे बघायला वेळ नसतो. एकाची सुरुवात पाव ठोका आधी झाली तरी तिसऱ्या फेरीपर्यंत दोघांच्या पाठी वेगवेगळ्या दिशांना असतात. २०१८-१९ च्या सुमारास ट्विझलची आणि काही पावलांच्या रांगांची लेव्हल दोघांना वेगवेगळी द्यायला सुरुवात झाली. त्यामुळे एकाची लेव्हल ४ आणि दुसऱ्याची ३ हे आता निकालपत्रात उघड दिसतं. जोडीतल्या कमकुवत भागावर थेट बोट ठेवता येतं, आणि प्रशिक्षणाला त्याचा फायदा झाला.

पावलांच्या रांगांत, म्हणजे स्टेप सिक्वेन्समध्ये, लेव्हल ४ दुर्मीळ असते. रॉकर, काउंटर, ब्रॅकेट, चॉक्टॉ अशी अवघड वळणं प्रत्येकी स्वच्छ एजवर आत जाऊन स्वच्छ एजवर बाहेर यावी लागतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे रॉकरच्या आधी पाय क्षणभर दुसऱ्या एजवर जाणं. डोळ्यांना ते दिसतच नाही. पॅनेल मात्र चित्रीकरण पुन्हा बघतं आणि वळण अमान्य करतं.

लिफ्टमध्ये घड्याळ शत्रू असतं. छोट्या लिफ्टला ७ सेकंद, दोन लिफ्ट जोडलेल्या मोठ्या लिफ्टला १२ सेकंद. त्याहून लांबली की एक गुण गेला. सरावात प्रशिक्षक स्टॉपवॉच घेऊन उभे असतात आणि जोडीला साडेसहाच्या आसपास उतरायला शिकवतात, कारण स्पर्धेत भावनेच्या भरात अर्धा सेकंद वाढतोच.

एक-दोन गुणांनी काय होतं याचा पुरावा २०१८ च्या ऑलिंपिकचा निकाल. पहिल्या फेरीत फ्रान्सच्या गॅब्रिएला पापाडाकिसच्या पोशाखाची गळ्यामागची पट्टी सुरुवातीलाच सुटली. थांबलं असतं तर गुण कापले गेले असते, म्हणून तिने तशीच फेरी पूर्ण केली. तिला आणि गिओम सिझरोंला ८१.९३ गुण मिळाले, तर कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांना ८३.६७. फ्री डान्समध्ये फ्रेंच जोडी पुढे होती, १२३.३५ विरुद्ध १२२.४०. एकूण हिशोब २०६.०७ आणि २०५.२८. सुवर्णपदक ०.७९ गुणांनी गेलं. तेव्हापासून पोशाखाची प्रत्येक पट्टी दुहेरी टाक्यांनी शिवणं आणि संपूर्ण कार्यक्रम त्याच पोशाखात सरावात करून बघणं ही कुठल्याही शहाण्या जोडीची सवय आहे. पोशाखाचा मणी किंवा पीस बर्फावर पडलं तरी एक गुण जातो.

वर्षाचं चक्र

स्पर्धेचा हंगाम १ जुलैला सुरू होतो, पण काम मार्चमध्ये जागतिक स्पर्धा संपली की लगेच सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये संगीत ठरतं आणि नृत्यरचना बसते. संगीत निवडताना नवख्या जोड्या आवडीचं गाणं बघतात. अनुभवी प्रशिक्षक आधी ठोका ऐकू येतो का आणि चार मिनिटांत चढउतार आहेत का ते बघतात. उन्हाळ्यात लिफ्ट आधी जमिनीवर, मग बर्फावर. संघटनांचे तांत्रिक तज्ज्ञ येऊन लेव्हल मिळेल की नाही हे सांगतात आणि त्यानुसार पावलं बदलतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छोट्या स्पर्धा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ग्रँड प्रिक्स ही सहा स्पर्धांची मालिका. एका जोडीला सहापैकी जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात आणि वरच्या सहा जोड्या डिसेंबरच्या अंतिम फेरीत जातात. मग राष्ट्रीय स्पर्धा, जानेवारी-फेब्रुवारीत युरोपीय किंवा चार खंडांची स्पर्धा, मार्चमध्ये पुन्हा जागतिक.

जागतिक स्पर्धेला एका देशाच्या जास्तीत जास्त तीन जोड्या जातात, आणि हा कोटा आदल्या वर्षीच्या निकालावर ठरतो. दोन जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा कमी असली तर पुढच्या वर्षी तीन जागा, २८ पर्यंत असली तर दोन. त्यामुळे बलाढ्य देशात चौथ्या क्रमांकाची जोडी जागतिक दर्जाची असूनही घरी बसते. छोट्या देशाकडून खेळायला जाण्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

बर्फावरचा सराव दिवसाला तीन-चार तास, शिवाय बॉलरूम किंवा बॅले, ताकदीचे व्यायाम आणि जमिनीवरच्या लिफ्ट. पूर्ण कार्यक्रम रोज सलग करणं टाळू नये. भाग तोडून केले की सुंदर होतात, पण चौथ्या मिनिटाला दमलेल्या मांड्यांवर एज कशी टिकते हे सलग केल्याशिवाय कळत नाही.

शरीर

कंबर, पाठ, घोटा आणि नडगी हे नेहमीचे दुखरे भाग. एका बाजूच्या लिफ्ट जास्त असतील तर उचलणाऱ्याची पाठ एकाच बाजूने झिजते, म्हणून रचना करतानाच बाजू बदलायला हव्यात. व्हर्च्यूला नडगीच्या स्नायूंभोवतीच्या आवरणात दाब वाढण्याचा विकार होता. व्यायामाने स्नायू फुगतो, आवरण ताणलं जात नाही आणि वेदना असह्य होतात. २००८ आणि २०१० ला शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. या दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. नडगीतली वेदना सरावाच्या दहाव्या-पंधराव्या मिनिटाला सुरू होऊन थांबल्यावर ओसरत असेल, तर ती ‘बूट नवे आहेत’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

किती वर्षं, आणि पैसा

एकेरीच्या मानाने आइस डान्सर उशिरा पिकतो. सीनिअर स्पर्धेसाठी किमान वय आता १७ आहे, पण १७ व्या वर्षी जगात वर येणारी जोडी क्वचितच. २०१८ ला पडलेले तेच चॉक आणि बेट्स २०११ पासून एकत्र होते. त्यांचं पहिलं जागतिक विजेतेपद २०२३ चं. २०२५ ला तिसऱ्यांदा जिंकले तेव्हा ती ३२ वर्षांची होती आणि तो ३६. व्हर्च्यू आणि मॉयर १९९७ पासून एकत्र, सात आणि नऊ वर्षांचे असल्यापासून. उलट टोकाला पापाडाकिस आणि सिझरों २०१४ च्या जागतिक स्पर्धेत तेरावे होते आणि २०१५ ला विजेते. पण तेही लहानपणापासूनची जोडी होते, एका रात्रीत कोणी घडलं नव्हतं.

इतकी वर्षं टिकायला पैसा लागतो. बर्फाचं भाडं, प्रशिक्षक, नृत्यरचनाकार, पोशाख, बूट, प्रवास. बक्षिसाची रक्कम दोघांत वाटली जाते आणि ती वरच्या मोजक्या जोड्यांनाच मिळते. संघटनेची मदत निकालानंतर येते, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते त्या वर्षांत ती नसते. टॉर्विल विमा कंपनीत नोकरी करायची आणि डीन पोलिसात होता. नॉटिंगहॅम नगरपालिकेने ४२,००० पौंडांचं अनुदान दिलं तेव्हा दोघांना नोकऱ्या सोडून पूर्णवेळ सराव करता आला. जोडी जमवतानाच खर्च कोण किती उचलणार, दुसऱ्या देशातून आलेल्याची राहण्याची सोय कोण करणार आणि जोडी मोडल्यास तयार कार्यक्रम कोणाचे, हे कागदावर लिहून घ्यावं. अवघडल्यासारखं वाटतं म्हणून पालक हे टाळतात आणि नंतर भांडणं याच मुद्द्यांवर होतात.

स्पर्धा संपल्यावर

आइस शो हा पहिला मार्ग, पण तिथली वर्षं मर्यादित असतात. मोठा मार्ग प्रशिक्षणाचा. मारी-फ्रान्स दुब्रुई आणि पात्रिस लोझों ही कॅनडाची जोडी २००६ आणि २००७ ला जागतिक रौप्यपदक विजेती होती. मॉंट्रियलमधल्या त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात, रोमां आगेनोए यांच्यासह, २०१८ चे सुवर्ण आणि रौप्य असे दोन्ही विजेते एकाच बर्फावर सराव करत होते. प्रतिस्पर्धी रोज समोर असण्याचा ताण खरा, पण रोजचं मोजमापही तिथेच मिळतं.

तिसरा मार्ग तांत्रिक पॅनेलचा, आणि त्याकडे फार कमी जण वेळेवर बघतात. ताजा निवृत्त झालेला डान्सर एज ओळखण्यात सर्वांत तरबेज असतो, आणि संघटनांना असे डोळे हवे असतात. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा असते, आणि दर हंगामाला बदलणारे नियम वाचत राहावे लागतात. स्पर्धेतल्या शेवटच्या एक-दोन वर्षांपासूनच स्वतःच्या निकालपत्रातली प्रत्येक न मिळालेली लेव्हल पॅनेलने का नाकारली हे चित्रीकरण लावून शोधायची सवय ठेवली, तर त्या परीक्षेची निम्मी तयारी तिथेच होते.